कावळ्याने गिळलेलं मागचं दार

"जगात गुप्तहेर तीन प्रकारचे असतात. एकांना गुन्हा झाल्यावर कळतं. दुसऱ्यांना गुन्हा होताना कळतं. आणि तिसरा मी. मला गुन्हा व्हायच्या आधीच वास येतो."

एवढं बोलून हरिचंद्रमामाने चहाचा कप बशीत ठेवला, म्हणजे बशीच्या बाजूला ठेवला. चहा सगळा त्याच्या पॅंटवर. त्याचा वास काही त्याला आधी आला नव्हता.

किर्तीने मान फिरवून हसू दाबलं. मामा अंबरनाथहून खास तिच्या केससाठी चामटोलीला आला होता आणि येताना स्वतःची व्हिजिटिंग कार्डं घेऊन आला होता. घरातल्या प्रत्येकाला एकेक वाटून झालं. सख्ख्या बहिणीलासुद्धा. कार्डावर लिहिलं होतं: ‘हरिचंद्र भोईर, सायबर गुप्तहेर. अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर. आमच्याकडे सर्व प्रकारचे स्क्रीनगार्ड लावून मिळतील.’

खरी बाब शेवटच्या ओळीत होती. मामाचं अंबरनाथ स्टेशनबाहेर मोबाईल कव्हरचं टपरीवजा दुकान होतं. दिवसभर मोबाईलला हात लावतो, म्हणजे मोबाईलच्या आतलं आपल्याला कळतं, अशी त्याची समजूत होती. या हिशोबाने भांडी घासणाऱ्या प्रत्येकाला स्वयंपाक यायला हवा. आजवर त्याने दोन केसेस सोडवल्या होत्या. पहिली, एका गिऱ्हाइकाचा हरवलेला फोन; गिऱ्हाईक त्याच फोनवरून मामाला तो हरवल्याचं सांगत होतं. दुसरी, मामाची स्वतःची चोरीला गेलेली स्कूटर. ती उल्हासनगर कॅम्प तीनमध्ये सापडली, जिथे त्याने ती लावली होती.

असा हा माणूस किर्तीचं आयुष्य वाचवायला आला होता.

झालं होतं असं. किर्तीचे वडील, ज्यांना घरात आणि गावात सगळे आण्णाच म्हणत, त्यांचा मंडपाचा धंदा होता. लग्न, हळदी, साखरपुडा, काहीही असो, मंडप, खुर्च्या, पातेली आण्णांची. अकरावीत कॉम्प्युटरचा विषय घेतलेल्या किर्तीने सुट्टीत धंद्याची वेबसाइट बनवली. तीही एकटीने. कुठल्या दिवशी कुणाचा मंडप लागणार, ते सगळ्यांना तिथे दिसायचं.

वेबसाइटला दुकानासारखी दोन दारं असतात. पुढच्या दारातून गिऱ्हाईक बघतं. मागच्या दारातून मालक आत जातो आणि माल इकडचा तिकडे करतो. त्या मागच्या दाराला ॲडमिन पॅनेल म्हणतात, आणि गेले तीन आठवडे कुणीतरी त्या दाराने घुसून धिंगाणा घालत होतं.

आधी पहिल्या पानावरचा आण्णांचा फोटो गेला आणि तिथे शर्यतीचा बैल आला, गुलाल लावलेला, आण्णांपेक्षा प्रसन्न. मग एका हळदीच्या ‘दोन स्पीकर’चे ‘दहा स्पीकर’ झाले. मग ‘चिमीला वाढदिवसाच्या कोटी कोटी शुभेच्छा’ आल्या. आणि या बुधवारी तर कळसच. वांगणीच्या एका लग्नघराने रविवारचा मंडप सांगितला होता, त्यांचं नाव उडालं आणि तिथे किर्तीच्या चुलतभावाच्या, सुजितच्या, बहिणीची हळद येऊन बसली. वांगणीवाल्यांचा फोन आला तेव्हा आण्णांनी तो कानापासून हातभर लांब धरला होता, तरी ओटीवरच्या मांजरीपर्यंत ऐकू गेलं.

फोन ठेवून आण्णा एवढंच म्हणाले, "शनिवारपर्यंत हा चोर सापडला नाय, तर लॅपटॉप लोखंडी कपाटात. आणि सोमवारी विषय बदलायची शेवटची तारीख हाय ना? फॉर्म आणलाय मी. कॉम्प्युटर सोड. भूगोल घे. भूगोल कुणी हॅक करत नाय."

तो कोरा फॉर्म आण्णांच्या सदऱ्याच्या खिशातून किर्तीकडे बघत होता.

"पण आण्णा, पासवर्ड कुणाला सापडूच शकत नाही!" ती म्हणाली.

हे मात्र तिला मनापासून वाटत होतं. तिने पासवर्ड मराठीत ठेवला होता. तोही साधासुधा नाही: ‘पुतळाबाईच्याकावळ्यानेकेळंगिळलं४७’. शेजारच्या पुतळाबाई रोज सकाळी अंगणात एका कावळ्याला भाकरी घालत, आणि त्या कावळ्याने एकदा किर्तीच्या हातातलं केळं पळवलं होतं. त्या एका वाक्यात चार ‘ळ’ होते. रशियाचा हॅकर आला तरी बिचारा ‘ळ’ आणणार कुठून? असं ती वर्गात दहा जणींना सांगून आली होती. पासवर्ड नव्हता सांगितला हां, फक्त त्याची थोरवी.

"पासवर्ड बदलून टाक ना मग," मामाला हे सगळं सांगून झाल्यावर आई म्हणाली. आई म्हणजे गोदू. पीठ मळता मळता बोलली, म्हणून तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

"अजिबात नाही!" मामा ओरडला. "घटनास्थळाला हात लावायचा नाही. पुरावा पुसला जातो, गोदू!"

आणि लाजेची गोष्ट अशी की किर्तीलाही बदलायचा नव्हता. बदलायचा म्हणजे ‘ळ’ हरला असं कबूल करायचं. शिवाय तिने पॅनेलमधली नोंदवही तपासली होती. आत शिरताना कुणीच एकदाही पासवर्ड चुकवला नव्हता. शून्य चुका! म्हणजे हा कुणी अंदाज मारणारा भुरटा नाही. पॅनेलच्या प्रोग्रॅममध्येच भोक असतं कधीकधी, त्यातून मुरलेले हॅकर कुलपाला हात न लावता आत येतात, असं तिने वाचलं होतं. किर्तीने पॅनेलची नवी आवृत्ती टाकली, सगळी भोकं बुजवली. दुसऱ्या दिवशी बैलाच्या शिंगांना फुगे लागले.

तिला भीती वाटत होती हे खरं. पण कुठेतरी आत, भाकरीच्या पापुद्र्याखाली वाफ असते तसा, थोडा अभिमानही होता. जगातला एवढा मोठा हॅकर, आणि त्याने निवडलं कुणाला? चामटोलीच्या किर्तीला!

"सर्व्हर कुठे आहे?" मामाने वही उघडली.

"सिंगापूरला."

"म्हणजे गुन्हेगार सिंगापूरचा." मामाने लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या. "पासपोर्ट आहे का तुझा?"

"मामा, सिंगापूरचा माणूस चिमीला वाढदिवसाच्या शुभेच्छा का देईल?"

"तीच तर गंमत आहे. चिमी कोण?"

"समोरच्या आळीतली. दोन वर्षांची."

"संशयित क्रमांक एक," मामाने लिहिलं.

मग त्याने पिशवीतून एक काच काढली, थुंकी लावल्यासारखा फडका फिरवला आणि किर्तीच्या लॅपटॉपवर स्क्रीनगार्ड चिकटवला. त्यात एक बुडबुडा राहिला. "अकरा थरांचा आहे," तो म्हणाला. "आता आत काहीही शिरणार नाही."

त्याच संध्याकाळी वेबसाइटवर आणखी एक बैल शिरला.

गुरुवारी मामाने तर्क बदलला. आता गुन्हेगार वांगणीचा कुणी मंडपवाला होता. "धंद्यातली दुश्मनी! सिंपल है." पुरावा म्हणून त्याने आण्णांच्या गोदामाबाहेर सापडलेली एक चप्पल प्लॅस्टिकच्या पिशवीत भरली आणि दुपारभर तिचे फोटो काढले. संध्याकाळी आण्णा एक पाय अनवाणी घेऊन घरभर फिरत होते तेव्हा ती केस आपोआप बंद झाली.

शुक्रवारी मात्र मामा धावतच घरात आला. घामाने डबडबलेला, डोळे फुललेले.

"सापडली! खरी गुन्हेगार सापडली! तुमच्या शेजारची पुतळाबाई."

"काहीतरीच," किर्ती म्हणाली.

"मला सांग, ती तुमच्याशी बोलते?"

किर्ती थबकली. पुतळाबाई खरंच बोलत नव्हत्या. आधी रोज कुंपणावरून ‘काय गो, जेवलीस का’ विचारायच्या. हल्ली किर्ती दिसली की तोंड फिरवायच्या. परवा तर वाटीभर कालवण परत पाठवलं होतं.

"कधीपासून?" मामाने बोट नाचवलं.

"झाले असतील... तीन आठवडे."

"आणि वेबसाइटवर हल्ला कधीपासून?"

"तीन आठवडे."

मामाने दोन्ही हात पसरले, जणू टाळ्या पडायच्या होत्या. "थांब, अजून आहे. ती बाई रोज संध्याकाळी नाक्यावर जाते. तिथे आपला उद्घाटनाचा बॅनर आहे. त्याच्यासमोर अर्धा अर्धा तास उभी राहते. माझ्या फोटोकडे रोखून बघते. आणि ओठ हलवते! पुटपुटते! काहीतरी मोजते बोटांवर. मी झाडामागून पाहिलंय."

आता या बॅनरबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे मूल रांगायला लागलं तरी बॅनर लागतो, मग वेबसाइटचं उद्घाटन बॅनरशिवाय कसं होईल? आण्णांनी वीस फुटी बॅनर लावला होता. मधोमध गॉगल घातलेले आण्णा, तीन माणसांएवढे. भोवती एकतीस शुभेच्छुकांचे चेहरे, डाळीतल्या फोडणीसारखे उडालेले. उजव्या कोपऱ्यात, सगळ्यात खाली, हरिचंद्रमामा, हनुवटीखाली मूठ. मामाने त्या कोपऱ्यासमोर चौदा सेल्फी काढल्या होत्या आणि त्यातली एक तीन आठवडे त्याच्या व्हॉट्सॲपच्या फोटोत होती. गावातल्या प्रत्येकाने बॅनर पाहिला होता. म्हणजे बहुतेकांनी त्यावर स्वतःचा चेहरा शोधला होता, शेजाऱ्यापेक्षा लहान तर नाही ना एवढं पाहिलं होतं, आणि ते घरी गेले होते.

किर्तीनेही तसंच केलं होतं. तिचा चेहरा आण्णांच्या कोपराखाली होता. तिला तो आवडला नव्हता, म्हणून ती पुन्हा तिकडे फिरकलीच नव्हती.

"उद्या संध्याकाळी सापळा लावतो," मामा म्हणाला. "गोदू, मोठी टोपली आहे का?"

सापळा लावायची गरज पडली नाही. शनिवारी चार वाजता, आण्णा कपाटाची किल्ली कमरेची काढून ओटीवर बसलेले, लॅपटॉप शेजारी, फॉर्म मांडीवर आणि पेन उघडलेलं, अशा वेळी पुतळाबाई स्वतःच फाटक ढकलून अंगणात उभ्या राहिल्या. मामा टोपलीसकट दारामागे गेला.

"आण्णा, तीन हप्ते गप रायले," पुतळाबाई म्हणाल्या. "बोल्ले, आज माफी मागतील, उद्या मागतील. आता नाय. माजा बॅनरवर नाव टाकलास, मंग फोटो का नाय टाकलास?"

"तुझं नाव?" आण्णा गोंधळले. "तुझं नाव कुठे टाकलंय, पुतळा?"

"मना वाचता येता आता!" पुतळाबाई कडाडल्या. बासष्टाव्या वर्षी त्या शाळेतल्या बाईंकडे संध्याकाळच्या वर्गाला जाऊ लागल्या होत्या. "बाईंनी सांगलाय, दिसल त्या वाचा. पाट्या वाचा, बॅनर वाचा. मी पयल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचते. तुमच्यासारखी निस्ती थोबाडा नाय बगत. आनि नाव टाकला त्ये टाकला, माज्या कावल्याची बदनामी कशाला? केला घेतला त्यानं, कबूल. पन गिलला नाय! कडू होता, थुकून दिला. मी सोता बगितला! आनि सत्तेचालीस कंचा? माजा वय बासष्ट हाय!"

दारामागे टोपली पडली.

किर्तीच्या कानात शिट्टी वाजल्यासारखं झालं. "पुतळाआजी," तिने हळूच विचारलं, "बॅनरवर नेमकं काय लिहिलंय?"

"चल. दाखवते."

सगळी वरात नाक्यावर गेली. पुढे पुतळाबाई, मागे किर्ती, तिच्यामागे एका पायात घाईत घातलेली आईची चप्पल घेऊन आण्णा, आणि सगळ्यात शेवटी, चौकशीचं नेतृत्व करत, मामा. बॅनरसमोर उभ्या राहून पुतळाबाईंनी बोट वर केलं आणि मामाच्या हनुवटीखालची ओळ अक्षर अक्षर लावून वाचली. ‘ळ’ आला की त्या जीभ वळवून दम घ्यायच्या. एरवी बोलताना नसली तरी वाचताना त्यांची जीभ शुद्ध होती.

"‘आण्णा, ही आपली साइट. बदल करायचे असतील तर पुढे ॲडमिन लिहून आत जा. नाव, आण्णा. पासवर्ड, पु-त-ळा-बा-ई-च्या-का-व-ळ्या-ने...’"

पूर्ण वाचलं त्यांनी. सत्तेचाळीससकट. आणि त्याखालची ओळही, जी लाल रंगात, ठळक, भोवती चौकट घालून छापली होती: "‘हे कुणालाही दाखवू नका हां आण्णा.’" पुढे हसरा चेहरा होता, बशीएवढा.

तो किर्तीने आण्णांना पाठवलेला मेसेज होता. अक्षरशः. साइटचा पत्ता, मागच्या दाराचा पत्ता, नाव, किल्ली, सगळं तिने एकाच मेसेजमध्ये पाठवलं होतं. आण्णांनी तो जसाच्या तसा उल्हासनगरला बॅनरवाल्याकडे ढकलला होता.

"तूच म्हणालीस साइटचा पत्ता छापायला पाठवा," आण्णा पुटपुटले.

मामाने तिथल्या तिथे बॅनरवाल्या धर्मेशला फोन लावला. फोन स्पीकरवर होता.

"साईं, जैसा आया वैसा छापा," धर्मेश म्हणाला. "अपना रूल आहे. एकदा एकाच्या नावातली चूक मी सुधारली, तर चाळीस माणसं घेऊन दुकानात आला, बोलला नाव ऐसाच आहे. तबसे एक काना पण हलवत नाही."

"अरे, पण ‘कुणाला दाखवू नका’ लिहिलं होतं ना!"

"हां ना. इंपॉर्टंट वाटलं, म्हणून लाल केलं. लालचे एक्स्ट्रा नाय घेतले, साईं."

एव्हाना नाक्यावर गर्दी जमली होती आणि गर्दीत सुजित होता. किर्तीने त्याच्याकडे पाहिलं. त्याने बॅनरकडे पाहिलं.

"हळदीची तारीख तू बदललीस?"

"मग?" सुजितला काही कळेना. "पाव्हण्यांनी शुक्रवारचा रविवार केला. इथे लिहिलंय, बदल करायचे असतील तर आत जा. मला बदल करायचा होता. गेलो. एकदम मस्त साइट बनवलीस हां, पटकन उघडते. रविवारी कुणाचं तरी नाव मधे येत होतं, ते काढलं."

"आणि बैल?"

"तो माझा," मागून संतोष नावाचा एक जण लाजत म्हणाला. "फुगे बायकोने लावले."

"दहा स्पीकर?"

तीन हात वर आले.

"चिमीचा वाढदिवस?" मामाने दरडावलं.

"आम्हीच. आई-बाप आहोत तिचे."

किर्ती डोकं धरून दगडावर बसली. मुरलेला हॅकर नव्हता. प्रोग्रॅमला भोक नव्हतं. भोक वीस फूट बाय दहा फूट होतं आणि त्यावर तिचा स्वतःचा फोटो होता. "अरे, पण तुमच्यातल्या एकाने तरी मला सांगायचं ना! तीन आठवडे! एकानेही कसं नाही सांगितलं?"

सगळ्यांनी तिच्याकडे असं पाहिलं की हिला काही समज आहे की नाही.

"कसं सांगणार?" सुजित म्हणाला. "लाल अक्षरात लिहिलंय ना, कुणाला दाखवू नका. आपल्या घरची इज्जत आहे. आम्ही आपसात पण नाय बोललो."

आणि सगळ्या गावाने मान डोलावली. बिचाऱ्यांनी गुपित जिवापाड जपलं होतं.

पुढचं काम किर्तीने लॅपटॉपवर ओटीवर बसून केलं. स्क्रीनगार्डमधल्या बुडबुड्यातून नीट दिसत नव्हतं, तरी अर्धंच मिनिट लागलं. पीठ मळता मळता आईने जे सांगितलं होतं, तेच. पासवर्ड बदलला. वांगणीवाल्यांचं नाव रविवारी परत आलं. सुजितच्या बहिणीच्या हळदीला आण्णांनी गोदामातला जुना मंडप काढून दिला. बैल ठेवला, पण आण्णांच्या खाली.

मग ती उठून पुतळाबाईंसमोर गेली. "आजी, माझी चूक झाली. तुम्हाला न विचारता तुमचं नाव वापरलं. आणि कावळ्याचंही."

"कावल्याची माफी कावल्याला माग," पुतळाबाई म्हणाल्या. "सकाली सातला येतो." पण जाता जाता त्यांनी विचारलं, "जेवलीस का गो?"

आण्णा बराच वेळ फॉर्मची घडी घालत बसले होते. शेवटी ते म्हणाले, "म्हणजे तुझं कुलूप चांगलं होतं."

"कुलूप चांगलं होतं. किल्ली मीच दाराला बांधून पाठवली."

"आणि मी ती चव्हाट्यावर टांगली." आण्णांनी फॉर्मची होडी केली आणि लॅपटॉप तिच्याकडे सरकवला. "भूगोल राहू दे. नवा पासवर्ड तेवढा ग्रुपवर टाक."

किर्तीने फक्त पाहिलं.

"बरं, नको टाकू," आण्णा म्हणाले.

आता तुम्हाला वाटेल मामा तोंड लपवून अंबरनाथला गेला. मामा? "मी शुक्रवारीच म्हणालो होतो," तो गावभर सांगत सुटला, "की रहस्य पुतळाबाई आणि बॅनर यांच्यात आहे. टोपली आठवा!" आणि स्वतःच्या अभिनंदनाचा बॅनर त्याने स्वतःच सांगितला. आण्णांच्या आग्रहाखातर त्यात पुतळाबाईंचा फोटो घ्यावा लागला. छापण्याआधी धर्मेशने नमुना पाठवला. मामाने तो क्षणभर पाहिला, आपला चेहरा केवढा आलाय तेवढं बघितलं, आणि फोन किर्तीकडे दिला. "तूही एकदा बघून घे. सायबर सुरक्षा!"

किर्तीने बघितलं. या वेळी पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचलं. सगळ्यात खाली पोचल्यावर ती जरा थांबली, एकदा मामाकडे बघितलं आणि फोन परत केला.

"झकास आहे, मामा. छाप."

गुरुवारी बॅनर लागला. अर्धं गाव जमलं. मामाने मूठ हनुवटीखाली ठेवून सेल्फी काढायला सुरुवात केली. आणि त्याच्या पाठीमागे, नवी साडी नेसून आलेल्या पुतळाबाईंनी बोट वर केलं आणि अक्षर अक्षर लावत, ठणठणीत आवाजात शेवटची लाल ओळ वाचायला घेतली.

"‘धर्मेशभाई, माझा फोटो त्या म्हातारीच्या दुप्पट ठेव, पण तिला क... ळ... ता कामा नये.’"